फॅशनची नक्कल आणि कायद्याची उसवलेली शिवण

लग्नसराई जवळ आली, की दिल्लीच्या चांदनी चौकापासून मुंबईच्या दादरपर्यंतच्या कापडदुकानांत एक ठरावीक दृश्य दिसू लागते. गिऱ्हाईक मोबाइलवरचे छायाचित्र दुकानदारापुढे धरते. एखाद्या अभिनेत्रीने स्वतःच्या लग्नात घातलेला, नामांकित डिझायनरने घडवलेला लेहेंगा त्यात असतो. ‘असाच हवा’ एवढे म्हणण्याचा अवकाश, दुकानदार दिवस आणि दाम सांगून मोकळा होतो. मूळ वस्त्राच्या तुलनेत हा दाम अगदीच किरकोळ असतो. या व्यवहारात आपण काही गैर करीत आहोत, असे ना गिऱ्हाइकाला वाटते, ना दुकानदाराला. ज्याच्या कल्पनेतून ते वस्त्र जन्माला आले, तो डिझायनर मात्र या सौद्यात कुठेच नसतो. त्याने न्यायालयात जायचे ठरवले, तरी कायदा त्याच्या मागे उभा राहीलच, याची खात्री देता येत नाही. असे का होते, हे समजून घेण्यासाठी नकलेचे प्रकार, तिचा इतिहास आणि भारतातील कायद्याची रचना पाहावी लागते.

बनावट, नक्कल आणि प्रेरणा

बोलीभाषेत ‘डुप्लिकेट’ या एकाच शब्दात सारे काही सामावते. कायदा मात्र त्यात तीन वेगळ्या गोष्टी पाहतो. पहिली गोष्ट म्हणजे बनावट माल. यात दुसऱ्याचे नाव, बोधचिन्ह किंवा लेबल लावून वस्तू विकली जाते. बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून मिळणारे बूट, पर्स आणि टी-शर्ट या वर्गात मोडतात. येथे चोरी होते ती नावाची. दुसरी गोष्ट म्हणजे नक्कल. यात लेबल स्वतःचेच किंवा कोणतेच नसते. पण कापडावरची नक्षी, भरतकामाची मांडणी आणि कपड्याचा घाट दुसऱ्याचा उचललेला असतो. तिसरी गोष्ट प्रेरणा. अंगरख्याचा घेर, नऊवारीचा काष्टा, मोगल जाळीतील वेल यांवर कोणा एकाची मालकी नाही. त्यांचा आधार घेऊन प्रत्येक पिढी नवे काही घडवते.

बनावट माल जगभर गुन्हा मानला जातो, तर प्रेरणा सर्वत्र मान्य असते. वाद पेटतो तो मधल्या प्रकारावरून. नक्कल आणि प्रेरणा यांतील सीमारेषा कोठे आखायची, याबाबत देशोदेशीच्या कायद्यांत एकवाक्यता नाही.

बनावट मालाचा पसारा किती मोठा आहे, याचा अंदाज आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना व युरोपीय संघाचे बौद्धिक संपदा कार्यालय यांच्या २०२५ मधील अहवालावरून येतो. २०२१ मध्ये जगात सुमारे ४६७ अब्ज डॉलरच्या बनावट मालाचा आंतरराष्ट्रीय व्यापार झाला, असे त्यात म्हटले आहे. जप्त झालेल्या अशा मालात कपडे, पादत्राणे आणि चामड्याच्या वस्तूंचा वाटा ६२ टक्के होता. अमेरिकी व्यापार प्रतिनिधी कार्यालय ‘कुप्रसिद्ध बाजारपेठां’ची यादी प्रसिद्ध करते. तिच्यात २०२१ साली दिल्लीतील टँक रोड व पालिका बाजार, कोलकात्यातील खिदिरपूर आणि मुंबईतील हिरा पन्ना या ठिकाणांची नावे होती.

शंभर वर्षांचे दुखणे

हे दुखणे इंटरनेटने आणलेले नाही. पॅरिसचे प्रख्यात डिझायनर पॉल पॉरे १९१३ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा आपण कधीही न शिवलेल्या कपड्यांवर आपल्याच नावाची लेबले त्यांना पाहायला मिळाली. पुढच्याच वर्षी फ्रेंच वस्त्रकलेच्या रक्षणासाठी त्यांनी डिझायनरांची संघटना उभारली. मादलेन व्हिओने यांनी त्याहून अनोखा मार्ग पत्करला. १९२० च्या दशकात त्यांच्या वस्त्रांच्या लेबलावर स्वाक्षरीबरोबर त्यांच्या अंगठ्याचा ठसाही उमटू लागला. प्रत्येक नव्या पोशाखाची समोरून, मागून आणि बाजूने छायाचित्रे काढून ती पुराव्यासाठी जपून ठेवली जात. याउलट कोको शनेल यांना नकलेचे फारसे वावडे नव्हते. आपल्या कपड्यांची नक्कल होणे ही त्यांच्या लेखी यशाचीच पावती होती.

अमेरिकेत १९३२ मध्ये डिझायनर आणि उत्पादक यांनी ‘फॅशन ओरिजिनेटर्स गिल्ड’ स्थापन केले. नकला विकणाऱ्या दुकानांना माल द्यायचा नाही, असा या संघटनेचा दंडक होता. मात्र अशी एकजूट म्हणजे व्यापारातील स्पर्धेचा गळा घोटणे होय, असे ठरवून १९४१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. तेव्हापासून आजतागायत अमेरिकेत कपड्याच्या घाटाला स्वतंत्र संरक्षण मिळालेले नाही. कपडा ही उपयोगाची वस्तू आहे आणि उपयोगाच्या वस्तूला कलाकृतीचा दर्जा नाही, हे त्यामागचे सूत्र आहे. २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने चिअरलीडरच्या गणवेशांवरील पट्ट्यांच्या आकृत्यांसंबंधी निकाल देताना हे सूत्र काहीसे सैल केले. कपड्यापासून मनाने वेगळी काढता येईल अशी कलात्मक आकृती असेल, तर तिला स्वामित्वहक्क मिळू शकतो, असे न्यायालय म्हणाले. कपड्याचा काट आणि बेत मात्र त्यानंतरही मोकळाच राहिला.

युरोपने वेगळी वाट धरली. फ्रान्समध्ये वस्त्ररचना ही कलाकृती मानली जाते. त्याच बळावर १९९४ मध्ये पॅरिसच्या वाणिज्य न्यायालयाने एका काळ्या टक्सीडो पद्धतीच्या पोशाखावरून ईव्ह सँ लोराँ यांच्या बाजूने आणि राल्फ लॉरेन यांच्या विरोधात कौल दिला. युरोपीय संघात २००२ पासून नोंदणी न केलेल्या रचनेलाही तीन वर्षे संरक्षण मिळते, तर नोंदणी केलेल्या रचनेला जास्तीत जास्त २५ वर्षे. फॅशनचा हंगाम सहा महिन्यांचा असतो. त्यामुळे बहुतेक कपड्यांना तीन वर्षे पुरून उरतात. तरीही न्याय झटपट मिळतो असे नाही. ‘कॅरेन मिलन’ या ब्रिटिश ब्रँडने आपल्या शर्टांच्या आणि विणलेल्या टॉपच्या नकलेबद्दल आयर्लंडमधील एका दुकानसाखळीवर २००७ मध्ये खटला भरला. त्यातील कळीच्या प्रश्नावर युरोपीय न्यायालयाचा निकाल आला तो २०१४ मध्ये.

नक्कल कशी घडते?

भारतीय वस्त्रांच्या नकलेची एक ठरलेली रीत आहे. जरदोजी असो वा आरीकाम, नक्षी प्रथम कागदावर उतरते. त्या कागदावर सुईने बारीक भोके पाडून खाका तयार होतो. खाका कापडावर ठेवून त्यावरून रंगाची भुकटी फिरवली, की नक्षी कापडावर उमटते. मग लाकडी चौकटीवर, म्हणजे कारचोबवर, कापड ताणून कारागीर आठवडेच्या आठवडे सुई चालवतात. डिझायनरचे खरे भांडवल असते ते या खाक्यात, रंगसंगतीत आणि टाके निवडण्याच्या दृष्टीत.

नक्कल करणाऱ्याला हे सारे आयते मिळते. फॅशन शोची छायाचित्रे काही मिनिटांत जगभर पोहोचतात. ती मोठी करून नक्षी उतरवून घेता येते किंवा मूळ कपडा एकदाच विकत घेऊन तो उसवून त्याचे बेत काढता येतात. त्यानंतर हाताच्या भरतकामाऐवजी संगणकावर चालणारे भरतकाम यंत्र, रेशमाऐवजी पॉलिस्टर, ठशांच्या छपाईऐवजी डिजिटल छपाई आणि जरीऐवजी चकचकीत प्लॅस्टिकचा धागा वापरला, की खर्च झपाट्याने उतरतो. दूरवरून पाहणाऱ्याला दोन्ही वस्त्रे सारखीच दिसतात. वगळले जातात ते कारागिराच्या मजुरीचे दिवस.

हिंदी चित्रपटसृष्टीने या बाजाराला मोठे खाद्य पुरवले. १९९४ मधील ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटात माधुरी दीक्षितने नेसलेल्या जांभळ्या साडीच्या नकला गावोगावच्या दुकानांत आल्या. २००५ मध्ये ‘बंटी और बबली’ प्रदर्शित झाला, तेव्हा अकी नरुला यांनी राणी मुखर्जीसाठी तयार केलेले कॉलरवाले आखूड कुर्ते पदपथावरच्या दुकानांतही टांगले गेले. अशा नकलेतून मूळ रचनाकाराला कोणताही मोबदला मिळावा, ही कल्पना बाजाराला परकीच होती.

पन्नासाव्या प्रतीचा पेच

भारतीय कायद्याची खरी गाठ आहे ती स्वामित्वहक्क कायदा, १९५७ आणि डिझाइन कायदा, २००० या दोन कायद्यांच्या सांध्यात. डिझायनरने कागदावर काढलेले रेखाटन किंवा नक्षी ही कलाकृती असते. तिला आपोआप, नोंदणीविनाही, स्वामित्वहक्क मिळतो आणि तो कलावंताच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. डिझाइन कायद्याखाली मात्र नोंदणी सक्तीची आहे आणि तिचा कालावधी १० वर्षांचा आहे. त्याला पाच वर्षांची वाढ मिळते. एकाच नक्षीसाठी दोन्ही कायद्यांचे लाभ कोणी घेऊ नयेत, म्हणून स्वामित्वहक्क कायद्याच्या १५ व्या कलमात सीमा आखून दिली आहे. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी नक्षी नोंदवली नसेल आणि ती वापरलेली वस्तू मालकाने स्वतः किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेद्वारे ५० पेक्षा अधिक वेळा तयार केली असेल, तर त्या नक्षीवरील स्वामित्वहक्क संपुष्टात येतो.

या तरतुदीमागचे तत्त्व सरळ आहे. कारखान्यात हजारोंनी निघणाऱ्या वस्तूवर चित्रकाराच्या चित्राइतकी दीर्घ मक्तेदारी देऊ नये, असे कायदेमंडळाला वाटले. प्रत्यक्षात मात्र तिचा फटका डिझायनरांना बसला. ‘मायक्रोफायबर्स’ या कंपनीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००९ मध्ये ही सीमा स्पष्ट केली. त्याच्या आदल्याच वर्षी, तरुण तहिलियानी यांच्या कंपनीने दाखल केलेल्या प्रकरणात निकाल डिझायनरच्या बाजूने लागला होता. वस्त्रांवरील नक्षी ही कलाकृती आहे आणि तिच्या ५० पेक्षा अधिक प्रती निघालेल्या नाहीत, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते.

ज्येष्ठ डिझायनर ऋतू कुमार यांच्या ‘रितिका’ या कंपनीची कहाणी नेमकी उलटी आहे. आपल्या छपाईच्या नक्षींची नक्कल झाल्याचा आरोप करीत या कंपनीने ‘बिबा’ या ब्रँडविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. २०१६ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला नाही. नक्षी डिझाइन कायद्याखाली नोंदवलेल्या नव्हत्या आणि त्या वापरलेल्या वस्त्रांच्या ५० हून अधिक प्रती निघाल्या होत्या. त्यामुळे स्वामित्वहक्क उरलेलाच नाही, असे न्यायालयाने म्हटले. नक्कल झाली की नाही, या प्रश्नाच्या खोलात जाण्याचीही मग गरज उरली नाही. मोजक्या श्रीमंत ग्राहकांसाठी पाच-दहा वस्त्रे करणारा डिझायनर सुरक्षित आणि शे-दोनशे कुर्ते विकून अधिक लोकांपर्यंत पोहोचणारा असुरक्षित, असा विचित्र न्याय यातून घडतो.

एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘क्रायोगॅस’ खटल्यात या कलमाचा पुन्हा ऊहापोह केला. प्रकरण वायुवाहू ट्रेलरच्या अभियांत्रिकी आराखड्यांचे होते, वस्त्रांचे नव्हे. तरीही, एखादी कृती मूळची कलाकृती आहे की औद्योगिक प्रक्रियेतून वस्तूवर उतरलेले डिझाइन, हे आधी तपासावे आणि त्यानंतर तिचे मुख्य प्रयोजन उपयोगाचे आहे का, ते पाहावे, अशी जी कसोटी न्यायालयाने घालून दिली, ती वस्त्रांच्या वादांतही मार्गदर्शक ठरणार आहे.

नोंदणी करा, पण केव्हा?

मग डिझायनर नोंदणी का करत नाहीत? शुल्क हे त्याचे मुख्य कारण नाही. व्यक्ती आणि लहान उद्योगांसाठी ते अवघे १ हजार रुपये आहे. अडचण संख्येची आणि वेळेची आहे. एका हंगामासाठी डिझायनर कित्येक नक्षी तयार करतो. त्यांतील कोणती चालेल, हे आधी कळत नाही. प्रत्येक नक्षीसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि वस्तूचा वर्ग बदलला, तर पुन्हा नवा अर्ज. त्याशिवाय कायद्याची एक अट अनेकांना महागात पडते. अर्ज करण्यापूर्वी रचना भारतात किंवा अन्य कोठेही लोकांसमोर आलेली असेल, तर ती ‘नवी’ राहत नाही आणि नोंदणीला अपात्र ठरते. म्हणजे फॅशन शोमध्ये वस्त्र झळकले, समाजमाध्यमांवर त्याचे छायाचित्र पडले आणि मागणी पाहून मग अर्ज केला, तर उशीर झालेला असतो. पावसाआधी घर शाकारावे, तशी ही नोंदणी शोच्या आधी करावी लागते.

नोंदणी असली, तरी भरपाई तुटपुंजी आहे. डिझाइन कायद्याच्या २२ व्या कलमानुसार प्रत्येक उल्लंघनासाठी २५ हजार रुपयांपर्यंत आणि एका डिझाइनसाठी एकूण ५० हजार रुपयांपर्यंत रक्कम वसूल करता येते. त्याऐवजी नुकसानभरपाई आणि मनाई हुकमाचा दावा लावण्याचा पर्याय आहे. पण त्यासाठी वेळ आणि वकिलाचा खर्च सोसण्याची ताकद हवी. ती नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुण डिझायनरकडे क्वचितच असते.

त्यामानाने नावाची चोरी रोखण्याची हत्यारे धारदार आहेत. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ अन्वये खोटे चिन्ह लावणे आणि तसा माल विकणे यांसाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. विक्रेता कोण, हे ठाऊक नसले, तरी ‘अशोक कुमार’ या काल्पनिक नावाच्या प्रतिवादीविरुद्ध आदेश मिळवून न्यायालयीन आयुक्तांमार्फत माल जप्त करता येतो. लाल तळव्यांच्या पादत्राणांसाठी प्रसिद्ध असलेल्या ख्रिस्तियन लुबुताँ यांच्या खटल्यात २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ऑनलाइन विक्री संकेतस्थळांनाही समज दिली. व्यवहारात सक्रिय भाग घेणाऱ्या संकेतस्थळाला ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ असे म्हणून हात झटकता येणार नाहीत, असा त्या निकालाचा आशय होता.

पैठणी, कोल्हापुरी आणि नावामागची माणसे

नकलेचा प्रश्न केवळ मोठ्या डिझायनरांचा नाही. ज्या रचनेचा कोणी एकच जनक नाही, पण जी पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या गावच्या हातांनी जपली, तिचे काय? त्यासाठी भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि २००३ पासून तो लागू आहे. पैठणीला असे मानांकन आहे. तरीही येवले आणि पैठण येथील हातमागावर महिनोन्‌महिने खपून विणलेल्या पैठणीशेजारी यंत्रमागावरची स्वस्त साडी ‘पैठणी’ याच नावाने विकली जाते. नाव वापरायचे आणि विणकराला मात्र वगळायचे, हा प्रकार बनावट लेबलाहून फारसा वेगळा नाही.

याच कायद्याची मर्यादा २०२५ मध्ये कोल्हापुरी चपलेच्या प्रकरणात दिसली. जूनमध्ये मिलान येथे ‘प्राडा’च्या प्रदर्शनात कोल्हापुरीशी हुबेहूब साम्य असलेली पादत्राणे अवतरली, त्यांना केवळ चामडी सँडल म्हटले होते. महाराष्ट्रातून संतप्त प्रतिक्रिया उमटल्यावर कंपनीने भारतीय हस्तकलेपासून घेतलेली प्रेरणा मान्य केली. मात्र हे मानांकन प्रामुख्याने नावाचे रक्षण करते आणि येथे नाव वापरलेलेच नव्हते. मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक असलेल्या महाराष्ट्र आणि कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांनीच दाद मागायला हवी, याचिकाकर्त्यांना तो अधिकार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. पुढे डिसेंबरमध्ये याच दोन महामंडळांशी करार करून कारागिरांकडून मर्यादित संख्येने चपला बनवून घेण्याचे कंपनीने जाहीर केले. कायद्याने जे साधले नाही, ते लोकमताच्या रेट्याने काही अंशी साधले.

असाच अनुभव २०१८ मध्ये दिल्लीच्या ‘पीपल ट्री’ या छोट्या संस्थेला आला होता. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेल्या ‘दिओर’च्या पोशाखावरील छपाई ही ओरिजित सेन यांच्या योगासनांच्या नक्षीची नक्कल असल्याचे या संस्थेने म्हटले. त्यावर मोठी चर्चा झाली आणि वाद अखेर न्यायालयाबाहेर मिटला. नक्कल नेहमी लहानाने मोठ्याची करावी, असा काही नियम नाही.

नक्कल उपकारक असते का?

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. काल राउस्टियाला आणि ख्रिस्तोफर स्प्रिगमन या अमेरिकी कायदेपंडितांनी २००६ मध्ये ‘चाचेगिरीचा विरोधाभास’ असा सिद्धान्त मांडला. नकलेमुळे एखादी फॅशन झपाट्याने पसरते, पसरली की तिचे अप्रूप संपते आणि मग नव्या फॅशनची मागणी निर्माण होते; म्हणून नक्कल या उद्योगाला मारत नाही, उलट पळवते, असा त्यांचा युक्तिवाद होता. सामान्य कुटुंबातील मुलीला आवडीचा पोशाख परवडतो तो नकलेमुळेच, हेही खरे. मात्र या सिद्धान्ताला २००९ मध्ये अन्य अभ्यासकांनी हरकत घेतली. सर्वांनी एका प्रवाहात सामील होणे आणि एखाद्याची रचना जशीच्या तशी उचलणे यांत फरक आहे; दुसऱ्या प्रकाराचा फटका नाव न झालेल्या नवोदितांना अधिक बसतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्रस्थापित डिझायनरला नकलेनंतरही ग्राहक उरतो, कारण ग्राहक त्याच्या नावासाठी पैसे मोजतो. नवोदिताजवळ विकण्यासारखे असते ते फक्त त्याची रचना.

काय करता येईल?

डिझायनरांसाठी काही पथ्ये उघड आहेत. ज्या नक्षी मोठ्या संख्येने विकायच्या आहेत, त्यांची नोंदणी प्रदर्शनापूर्वी करावी. प्रत्येक रेखाटन तारखेसह जतन करावे. बाहेरून काम करून घेताना गोपनीयता आणि हक्कांचे हस्तांतरण लेखी करार करून ठरवावे. ब्रँडचे नाव आणि चिन्ह वेळेत नोंदवावे. धोरणाच्या पातळीवर, युरोपच्या धर्तीवर नोंदणीविना अल्पकाळ संरक्षण देण्याचा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे. सहा महिन्यांच्या हंगामाला ६० वर्षांचा हक्क नको. पण दोन-तीन वर्षांचा आडोसा हवा.

ग्राहकालाही पारख करता येते. हातमागाच्या पैठणीच्या पदराची मागची बाजू पाहावी. तेथे मोर, मुनिया वा कुयरी पुढच्याइतकीच रेखीव दिसते; यंत्रावरच्या साडीत मागे सुट्या धाग्यांचे जाळे आढळते. शुद्ध रेशमासाठी ‘सिल्क मार्क’ २००४ पासून आणि हातमागाच्या कापडासाठी ‘हँडलूम मार्क’ २००६ पासून उपलब्ध आहे. महाग वस्तू कमालीच्या स्वस्तात मिळत असेल, तर त्या किमतीतून कोणाचा वाटा गळला आहे, हे विचारायला हवे. बहुतेक वेळा तो वाटा मोठ्या नावाच्या डिझायनरपेक्षा कारचोबवर वाकलेल्या कारागिराचा आणि मागावर बसलेल्या विणकराचा असतो. त्याच्या हातची कला पुढच्या पिढीने शिकावी, असे वाटत असेल, तर त्या कलेचे मोल त्याच्यापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.